लहान मुलांचा तोल, उडी आणि खाली उतरणं: बालवाडीच्या ताई आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. दादर, परळ, लालबाग या भागातल्या बालवाड्यांमध्ये मुलांचा तोल आणि उड्या बघायला जाते. तिथल्या ताई, केजीच्या टीचर, आई-बाबा आणि नातवाला सोडायला येणारे आजी-आजोबा जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधारण अडीच ते सहा वर्षांच्या मुलांपुरतंच हे लिहिलं आहे.

मुलं दिवसभर उड्याच मारत असतात. त्यात तपासण्यासारखं काय आहे?

सगळी मुलं मारत नाहीत, इथूनच सुरुवात करावी लागेल. बिल्डिंगच्या आवारात गाड्या लागलेल्या, घरात पलंग आणि कपाट यांच्यामध्ये चार पावलांची जागा, शाळेत जायला-यायला व्हॅन. अशा दिवसात मूल पायरीवरून उडी मारणार कधी? मारलीच तर "पडशील!" म्हणून कोणीतरी हात धरतं.

दुसरं म्हणजे, तपासलं नाही की मुलांना नावं चिकटतात. हा धडपड्या, ती भित्री, तो आळशी. एखादं मूल घसरगुंडीच्या शिडीवर चढत नाही तेव्हा ते घाबरट असेलच असं नाही. एका पायावर क्षणभर उभं राहणं त्याला जमत नसेल, तर शिडीची प्रत्येक पायरी त्याच्यासाठी खरोखरच धोक्याची आहे. त्याचं घाबरणं शहाणपणाचं आहे. नेमकं काय अडतंय हे कळलं तर ते शिकवता येतं. तपासणी त्यासाठी करायची, पहिला-दुसरा नंबर काढण्यासाठी नाही.

कितव्या वर्षी काय यायला हवं?

अडीच वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांचे दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटतात. उडी दोन बोटंच उंच असते, पण उडी असते. तीनच्या आसपास मूल एका पायावर एक-दोन सेकंद उभं राहतं आणि जिना चढताना एका पायरीवर एकच पाय ठेवून चढू लागतं. चारला एका पायावर चार-पाच सेकंद टिकतं, जिना उतरतानाही पाय आलटून-पालटून पडतात आणि लंगडीच्या एक-दोन उड्या जमतात. पाच पूर्ण होताना एका पायावर आठ-दहा सेकंद, लंगडीच्या सलग काही उड्या, टाचेला चवडा लावत रेषेवर चालणं. दोरीशिवाय उड्या घेत पुढे जाणं, ज्याला शाळेत स्किपिंग म्हणतात, ते पाच ते सहाच्या मध्ये कधीतरी येतं.

हे आकडे सीमारेषा म्हणून वापरू नका. एकाच ज्युनियर केजीत सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं, आणि या वयात वर्ष म्हणजे फार मोठा काळ. म्हणून नोंदीत "वय 4" असं न लिहिता "4 वर्षं 2 महिने" असं लिहा. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेवरून वय मोजतात.

तपासणीला काय सामान लागतं?

खडू, मोजायची टेप, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, आणि एक भक्कम पायरी किंवा पाट. एवढंच.

जागेकडे मात्र नीट लक्ष द्या. मुंबईतल्या बहुतेक वर्गांत गुळगुळीत टाइल्स असतात. त्यावर मोजे घातलेलं मूल उडी मारेल तर घसरेलच. बूट-मोजे काढून अनवाणी करा. सतरंजी अंथरली तर ती सरकते आणि दुमडते, त्यापेक्षा रबरी मॅट किंवा खरबरीत लादीचा व्हरांडा बरा. फ्रॉक किंवा पँट पायात येत असेल तर वर खोचा. पाण्याची बाटली गळ्यातच असते, तीही काढा. भिंतीचा कोपरा आणि बाकांच्या कडा हातभर लांब हव्यात.

वेळ सकाळची, डबा खाण्याआधीची. सर्दी-तापातून उठलेल्या मुलाला त्या आठवड्यात तपासू नका.

एका पायावरचा तोल कसा बघायचा?

जमिनीवर खडूने फुली काढा. समोर भिंतीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर एखादं चित्र लावा. नजर स्थिर राहिली की तोल टिकायला मदत होते. तुम्ही एकदा करून दाखवा. मग मुलाला फुलीवर उभं करून एक पाय उचलायला सांगा. हात कसेही असू देत. उचललेला पाय जमिनीला टेकला, दुसऱ्या पायाला अडकवला किंवा उभा पाय फुलीवरून सरकला की वेळ थांबवा. प्रत्येक पायाला दोन संधी, चांगली असेल ती लिहा.

सेकंद लिहून झाले की खरं बघायचं राहतंच. चार वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. पाय उचलल्याबरोबर तिची जीभ बाहेर येते, दोन्ही हातांची बोटं हुकासारखी वळतात, खांदे कानापर्यंत चढतात. पाच सेकंद भरतात, पण सगळं शरीर कामाला लागलेलं असतं. तिच्या शेजारचा मुलगाही पाच सेकंदच उभा राहतो, पण घोट्यात बारीक बारीक हलत, तुमच्याशी बोलत. दोघांचा आकडा सारखा, कौशल्य नाही. पहिल्या मुलीत काही दोष आहे असं मात्र समजू नका. या वयात असं होणं नेहमीचं आहे, वाढीसोबत ते कमी होतं. नोंद ठेवायची ती एवढ्यासाठी की पुढच्या वेळी पुन्हा बघताना फरक दिसावा.

रेषेवर चालणं?

पाच सेंटीमीटर रुंद, दोन-अडीच मीटर लांब रेष. तीन वर्षांच्या मुलाने रेषेवरून कसंही चालावं. साडेचार-पाचच्या मुलाला टाच-चवडा लावून चालायला सांगा. किती वेळा पाय बाहेर पडला ते मोजा, आणि मूल घाईने धावत सुटतं का तेही बघा. धावलं की तोल कमी लागतो, मुलांना हे लवकर कळतं.

उडीत काय बघू?

तीन उड्या पुरतात: जागच्या जागी, पुढे आणि पायरीवरून खाली. चारच्या पुढे लंगडीही घ्या.

पुढच्या उडीत आधी गुडघे वाकतात का आणि हात मागे जातात का, सुटताना हात पुढे-वर येतात का, दोन्ही पाय एकदम सुटतात का, एकदम टेकतात का. लहान मुलं हात विसरतात. काहींचे हात उडी मारताना चक्क मागे जातात, हे तीन-साडेतीनला बरंच दिसतं. अंतर मोजायचंच असेल तर मागच्या पायाच्या टाचेपर्यंत मोजा, पण मुलांसमोर आकडा मोठ्याने वाचू नका. एकदा वाचला की पुढची सगळी मुलं उडी लांब पडावी म्हणून अंग झोकून देतात आणि गुडघ्यांवर पडतात.

लंगडीत एक पाय जास्त चांगला असणं ठीक आहे. उजव्या पायावर सात उड्या आणि डाव्यावर चार, हरकत नाही. उजव्यावर सात आणि डाव्यावर एकही नाही, उभंही राहता येत नाही, तर त्याची वेगळी नोंद करा.

तुम्ही उतरण्यावर इतका भर का देता?

कारण तिकडे कोणी बघतच नाही. क्रीडादिनी टाळ्या उडीला पडतात, पाय टेकेपर्यंत पुढच्या मुलाचं नाव पुकारलेलं असतं. आणि मूल पडतं, लचकतं, घाबरतं ते उतरतानाच.

खाली येताना शरीराचा भार अनेक पटींनी वाढून पायांवर येतो. घोटा, गुडघा आणि खुबा हे तिन्ही सांधे वाकले तर तो भार स्नायूंमध्ये वाटला जातो. पाय ताठ राहिले तर तोच धक्का हाडांतून वर जातो. ताठ उतरणाऱ्या मुलाला ते दुखतं, म्हणून ते उडी टाळतं, आणि टाळलं की शिकायचं राहतं. पुढे खो-खो, कबड्डी, बास्केटबॉल खेळताना गुडघ्याच्या लिगामेंटला (सांध्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला) होणाऱ्या दुखापतींत चुकीचं उतरणं हे एक मोठं कारण असतं. वयात येणाऱ्या मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. चार वर्षांच्या मुलीला बघून पंधराव्या वर्षीचं भाकीत करता येत नाही, पण नीट उतरण्याची सवय या वयात सहज लागते, नंतर ती मुद्दाम लावावी लागते.

बघायची पद्धत अशी. साधारण 15 ते 18 सेंटीमीटरची पायरी घ्या, म्हणजे जिन्याची नेहमीची पायरी. मुलाच्या गुडघ्यापेक्षा उंच कधीही नको. तुम्ही समोर पण जरा बाजूला, हात पोहोचेल इतक्या अंतरावर उभे रहा. पहिल्या उडीला काहीही शिकवू नका, फक्त "खाली उडी मार" म्हणा. मूल आपणहून काय करतं तेच हवं आहे.

सुरुवातीला मूल उडी न मारता एक पाय खाली टाकून उतरतं. पुढच्या टप्प्यात दोन्ही पाय सुटतात, पण टेकतात एकामागून एक. मग एकदम टेकतात, पण पाय ताठ असतात आणि धक्क्याने मूल दोन पावलं पुढे धावतं किंवा हात टेकतं. त्यानंतर कधीतरी चवडे आधी, टाच नंतर, गुडघे वाकलेले आणि जागेवर थांबणं, हे सगळं एकत्र येतं. पाच-सहा वर्षांपर्यंत बरीच मुलं तिसऱ्या टप्प्यावरच असतात, म्हणून यात काळजीचं काही नाही. कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहा, पुढचा टप्पा कोणता ते तुम्हाला आपोआप कळेल.

समोरून बघताना गुडघे एकमेकांकडे आत झुकतात का, तेही बघा. आणि कान उघडे ठेवा. टाचा आपटल्याचा "धप्" आवाज आणि चवड्यांवरून उतरल्याचा मऊ आवाज यांतला फरक डोळे मिटूनही कळतो. माझा स्वतःचा अंदाज बऱ्याचदा आधी आवाजावरूनच बांधला जातो.

मग शिकवायचं कसं? "गुडघे वाक" सांगितलं तर मुलं जागेवरच बसतात.

बसणारच. लहान मुलाला स्वतःच्या सांध्यांबद्दल सूचना दिल्या तर ते गोंधळतं. त्याऐवजी काम द्या: "मांजरासारखं आवाज न करता उतर", "उतरलास की पुतळा हो". गुडघे आपोआप वाकतात. मग जमिनीवर खडूने दोन पावलं काढा आणि त्यांवर उतरायला सांगा, म्हणजे पाय एकदम आणि योग्य अंतरावर पडतात.

आपले खेळ यासाठी उत्तम आहेत. डोंगर-पाणीमध्ये मूल पायरीवर चढतं-उतरतं ते शंभरदा, कंटाळा न येता. लंगडी, ठिकरी, बेडूकउड्या, फुगडी, सगळ्यात तोल आहे. थोड्या मोठ्या मुलांना शिवाजी पार्कवर मल्लखांबाचा सराव चाललेला दाखवा. खांबावरून सुटून मॅटवर दोन्ही पायांनी थांबणारी मुलं पाहिली की उतरणंही एक कसब आहे हे न सांगता कळतं.

सेकंद आणि सेंटीमीटर मोजून गुण दिले तर चालणार नाही का?

मोजा, पण त्यावर थांबू नका. मी तीनच पायऱ्या वापरते: "अजून नाही", "कधी कधी", "सहज". प्रत्येकापुढे एक ओळ. "पायरीवरून उडी: कधी कधी. दोन्ही पाय एकदम टेकतात, पुढे धावते." ही ओळ दहापैकी सहा गुणांपेक्षा पुढच्या ताईला जास्त सांगते.

तयार चाचण्या असतात ना? त्या वापराव्यात का?

असतात. अमेरिकेतल्या डेल उलरिच यांची टीजीएमडी (टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट, म्हणजे धावणं-उडी अशा मोठ्या हालचालींची तपासणी) ही तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी प्रसिद्ध चाचणी आहे. त्यात लंगडी आणि लांब उडी आहे आणि प्रत्येक हालचाल कशी झाली यावर गुण आहेत, पण स्थिर तोलाची वेगळी चाचणी नाही. मूव्हमेंट एबीसी ही दुसरी चाचणी तीन वर्षांपासून वापरता येते. तिच्यात हाताचं कसब, चेंडू फेकणं-झेलणं आणि तोल असे तीन भाग आहेत. दोन्ही चांगल्या, पण त्या प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने करायच्या. बालवाडीत अर्धवट केल्या तर चुकीचे निष्कर्ष निघतात.

सरकारी शाळांतल्या टीचर खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या क्रीडा योजनेतल्या तपासणीबद्दल विचारतात. पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी त्यात फ्लेमिंगो तोल चाचणी आहे: अरुंद लाकडी पट्टीवर एका पायावर उभं राहायचं आणि एका मिनिटात किती वेळा तोल गेला ते मोजायचं. शिवडीच्या खाडीवरचे फ्लेमिंगो पाहिलेल्या मुलांना नाव भारी आवडतं. पण ती सुमारे पाच ते आठ वर्षांसाठी आहे, नर्सरीच्या मुलाला त्या पट्टीवर चढवू नका.

सगळ्या वर्गाची एकदम घेतली तर?

नको. रांगेतलं शेवटचं मूल आधीच्या वीस जणांची नक्कल करतं, आणि सगळे बघत असताना लाजरं मूल हलतही नाही. दोघं-तिघं एका वेळी, बाकीचे दुसऱ्या ताईंकडे गोष्टीत. वर्षातून दोनदा पुरे, दिवाळीआधी आणि फेब्रुवारीत.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तर उतरणं फार स्पष्ट दिसतं. पण पालकांची लेखी परवानगी घ्या, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकही क्लिप टाकू नका, आणि नोंद झाली की पुसून टाका.

मूल करायलाच तयार नसेल तर?

तर त्या दिवशी करू नका आणि "येत नाही" असंही लिहू नका. "आज केलं नाही" लिहा. मैदानात, जिन्यावर, डबा घ्यायला धावताना लक्ष ठेवा. ज्या मुलाने फुलीवर पाय उचलला नाही, ते चप्पल घालताना एका पायावर सहज उभं असतं.

अपंगत्व असलेल्या मुलाला यातून वगळावं का?

वगळू नका. त्याची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या नोंदीशी करा. कुबडी किंवा कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) वापरणारं मूल आधार धरून किती वेळ उभं राहतं, बसल्या जागी बाजूला वाकून परत सरळ येतं का, हाही तोलच आहे. आधी त्याच्या थेरपिस्टशी बोला, उडी त्याला सुरक्षित आहे का ते विचारा. कमी दिसणाऱ्या मुलासाठी खडूच्या रेषेऐवजी जमिनीला दोरी चिकटवा, पायाला लागते.

तळवे सपाट आहेत, गुडघे एकमेकांना लागतात. बूट बदलू का?

लहान मुलांचे तळवे सपाट दिसतात, कमान हळूहळू तयार होते. मूल चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल, तर महागड्या बुटांची गरज नाही. तीन-चार वर्षांच्या वयात गुडघे आत झुकलेले असणंही नेहमीचं, सात वर्षांचं होईपर्यंत ते बरंचसं सरळ होतं. फक्त एकाच पायात असेल, वाढत चाललं असेल किंवा मूल लंगडत असेल तर दाखवा. हाडांच्या वाकण्यामागे ड जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते, ते डॉक्टर तपासून ठरवतील.

बाळाच्या वॉकरचा प्रश्नही इथेच येतो: वापरू नका. त्याने चालणं लवकर येत नाही, आणि जिन्यावरून गडगडण्याचा धोका खरा आहे. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

डॉक्टरांकडे कधी पाठवायचं?

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक ताईला पाठ असावं असं मला मनापासून वाटतं.

आधी येत असलेलं आता येईनासं झालं, तर वाट बघू नका. मूल जमिनीवरून उठताना हात स्वतःच्या मांड्यांवर ठेवून चढत चढत उभं राहतं, पोटऱ्या जाड दिसतात, जिना चढायला त्रास होतो, विशेषतः मुलगा असेल, तर लगेच दाखवा. हे स्नायूंच्या आजाराचं लक्षण असू शकतं आणि ते "आळशी आहे" म्हणून वर्ष-वर्ष राहून जातं. एकच बाजू कमी वापरणं, तीन वर्षांनंतरही सतत चवड्यांवर चालणं, तीन उलटून गेले तरी दोन्ही पाय जमिनीवरून न सुटणं, अचानक तोल जायला लागणं, त्यासोबत डोकेदुखी किंवा उलट्या: हे सगळं डॉक्टरांचं काम आहे. वारंवार कान फुटणाऱ्या किंवा कानात पाणी साठणाऱ्या मुलाचा तोलही बिघडतो, आणि चष्म्याची गरज असलेलं मूलही पायरीवर अडखळतं. म्हणून कान आणि डोळे तपासून घ्यायला सांगा.

मुंबईत परळचं मुलांचं वाडिया रुग्णालय आहे, आणि केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत मुलांचे विभाग आहेत. हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. अंगणवाडीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, विकासातला उशीर हा त्यांच्या तपासणीचाच भाग आहे. पथक येईल त्या दिवशी तुमची नोंदवही पुढे करा. "पडतो" यापेक्षा "डाव्या पायावर उभा राहत नाही, जूनपासून तीनदा पाहिलं" हे वाक्य डॉक्टरांच्या उपयोगाचं आहे.

पालकांना कसं सांगू? प्रगतिपुस्तकात काय लिहू?

आधी येतंय ते. मग एक, फक्त एक, घरी करण्याजोगी गोष्ट. "आर्या लंगडीच्या दोन उड्या मारते. रोज जिना उतरताना शेवटच्या पायरीवरून हात धरून उडी मारू द्या." शेजारच्या मुलाशी तुलना नको आणि आजाराचं नाव तर तुम्ही घ्यायचंच नाही. शंका असेल तर पालकांना बाजूला घेऊन, दार लावून बोला. गेटवर, इतर आया उभ्या असताना कधीही नको.

आमची खोली दहा बाय बारा. खालचे शेजारी आवाजाची तक्रार करतात. घरी सराव कसा करणार?

तोलाला जागा लागतच नाही. दात घासताना एका पायावर, आईने दहा मोजेपर्यंत. लादीच्या सांध्यावरून टाच-चवडा लावत स्वयंपाकघरापर्यंत. उशीवर उभं राहून चेंडू झेलणं, भिंतीपासून लांब. उड्या मात्र खाली जाऊनच माराव्यात, चाळीच्या अंगणात, बागेत किंवा रविवारी गिरगाव-जुहूच्या वाळूत. वाळू मऊ असते, पाय आत रुततात, त्यामुळे घोट्यांना भरपूर काम मिळतं. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली 60 मिनिटं तरी दमछाक होईल अशी असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका दमात नाही, दिवसभरात विखुरलेली. बाजारातून घरी कडेवर न आणता चालवत आणणंही त्यात मोजा.

पावसाळ्यात तपासणी करावी का?

जून-जुलैत शाळा नुकती सुरू झालेली असते, नवी मुलं रडत असतात आणि व्हरांड्यात छत्र्यांचं पाणी साचलेलं असतं. तेव्हा फक्त निरीक्षण करा. लादी कोरडी राहील अशी आतली जागा असेल तर एका पायावरचा तोल आणि रेष घ्या. पायरीवरची उडी पाऊस ओसरल्यावर घ्या.